वरचा थर किती?

'एकदाच करायचं, पण चांगलं करायचं' हे वाक्य घरात कुणी उच्चारलं की बजेट त्याच क्षणी निकालात निघतं. सोफा, मिक्सर, बाथरूमच्या टाइल्स, मुलीचं लग्न, कशालाही ते लागू पडतं आणि त्याला उत्तर नसतं. 'दोनदा करू, पण बेताचं करू' असं म्हणायची हिंमत मराठी मध्यमवर्गात अजून कुणी केलेली नाही. आमच्याकडे हे वाक्य सासऱ्यांनी म्हटलं, ते बेडरूमच्या जमिनीबद्दल.

जमीन लाकडी करायची टूम नवऱ्याची. ऑफिसच्या कामासाठी तो जर्मनीत राहून आला आणि तिथल्या घरांत पायाला कसं गार लागत नाही हे येता-जाता ऐकवू लागला. पुण्यात पायाला गार लागायचे दिवस म्हणजे डिसेंबरातले थोडे नि जानेवारीतले थोडे. एरवी एप्रिल-मेच्या दुपारी उशी घेऊन थेट फरशीवर आडवं होणं हे आमचं वंशपरंपरागत सुख. पण नवरा हट्टाला पेटला होता आणि त्याच्या हातात बोनसचे १ लाख रुपये होते. बेडरूम दहा बाय बारा. एवढ्याशा खोलीला एवढा पैसा म्हणजे डोक्यावरून पाणी, असं त्याचं मत. तेवढ्यात बाबांनी ते वाक्य म्हटलं आणि पुढे जोडलं, "भरीव सागवानच घ्या."

बाबांचा अधिकार मोठा. ते वाईच्या वाड्यात वाढले. "पिढ्यान् पिढ्यांचा वाडा, पण माडीची एक फळी हलली नाही," असं ते सांगतात. फळी हलली नाही हे खरंच. वाडाच पाडला, ती गोष्ट निराळी. माडीला तुळया, तुळयांवर सागाची तक्तपोशी, हे वर्णन आम्हाला पाठ आहे. त्या तक्तपोशीच्या वर काय होतं, हे मात्र मी खोदून विचारल्यावर बाहेर आलं. वर होता मातीचा जाड थर आणि त्यावर शेणाचं सारवण. म्हणजे त्या सागवानावर कधी कुणाचं पाऊलच पडलं नव्हतं! झिजायची ती माती झिजत होती आणि आजेसासूबाई ती सारवून फुकटात नवी करत होत्या. हा मुद्दा मी मनात टिपून ठेवला. सासऱ्यांशी वाद घालताना सगळा दारूगोळा एकदम संपवायचा नसतो.

बाबांनी पहिला हिशेब लग्नपत्रिकेच्या पाठीवर केला. एक घनफूट लाकूड म्हणजे एक इंच जाडीचे बारा चौरस फूट. खोली १२० चौरस फूट. म्हणजे बरोब्बर दहा घनफूट. "झालं! शोरूमवाल्यांना कशाला पोसायचं?" म्हणत ते मला घेऊन भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये गेले. तिथल्या शेटजींनी पत्रिका नीट वाचली, नवरा-नवरीकडची नावंसुद्धा वाचली, आणि अत्यंत प्रेमानं म्हणाले, "काका, करवतीचा भुसा कुणाच्या खात्यात टाकायचा?" मग रंध्याचा कीस. मग फळ्या एकमेकींत बसवायला एका कडेला काढायची खाच आणि दुसऱ्या कडेची जीभ, त्यात गेलेली रुंदी. मग गाठी, चिरा. मग सालीलगतचा पांढरा भाग, कारण वाळवी सागाला लागत नाही हे गाभ्यापुरतंच खरं आहे. पांढरं तिला चालतं. "दहाचे चौदा-पंधरा धरा," शेटजी म्हणाले, आणि पत्रिका आदरानं परत केली.

सागात पुन्हा घराणी. आपला चंद्रपूर-गडचिरोलीकडचा साग बाजारात अजून 'सीपी' आहे. इंग्रजांचा मध्य प्रांत नकाशावरून गेला, टिंबर मार्केटमधून गेला नाही. त्याच्यावर 'बर्मा'. म्यानमारनं २०१४ च्या एप्रिलपासून ओंडक्यांची निर्यात बंद केली, तरी बर्मा मागितलं की 'आहे' हेच उत्तर येतं. आम्हाला दाखवलेला बर्मा तीन-चार प्रश्नांनंतर घानाचा निघाला. बाबांनी त्याच्यावर टिचकी मारून, वास घेऊन, "आहे मात्र साग," असा निकाल दिला. त्याला कुणाचीच हरकत नव्हती.

आता पावसाळ्याचं. आमचं बाल्कनीचं दार जूनच्या अखेरीला चौकटीला धरतं. खांदा लावल्याशिवाय उघडत नाही. सुतार येतो, कड रंधून जातो, आणि डिसेंबरात त्याच कडेनं वारा शीळ घालतो. महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत असं एक दार असतं आणि त्याच्याशी कसं वागायचं हे घरच्यांनाच ठाऊक असतं. लाकूड हवेतली ओल पितं आणि आडव्या अंगानं फुगतं; लांबीत जवळजवळ फरक पडत नाही. दार एकटं असतं म्हणून निभावतं. जमिनीवर मात्र या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पंचवीस-तीस फळ्या शेजारीशेजारी, आणि जुलैत प्रत्येकीला थोडी थोडी जागा हवी असते. म्हणून भिंतीलगत दहा-बारा एमएमची फट सोडतात आणि ती स्कर्टिंगखाली लपवतात. फट सोडली नाही तर जमीन मधोमध उठते. तिथे सुतार बोलावून कड रंधता येत नाही.

इथे बाबांच्या बाजूनं बोललंच पाहिजे. फुगण्या-आकसण्यात साग भलता समजूतदार. ओल्याचा पूर्ण कोरडा होईपर्यंत तो आडव्या अंगानं ५ टक्क्यांच्या आसपास आकसतो. अमेरिकेतला पांढरा ओक त्याच्या जवळजवळ दुप्पट. भरीव लाकूडच घालायचं तर आपल्या हवेला सागासारखं दुसरं नाही. फक्त ते नीट वाळवलेलं हवं. "वाळलंय ना?" या प्रश्नाला बाजारात एकच उत्तर आहे, आणि ते ओलं लाकूड विकणाराही देतो.

यानंतर आम्ही शोरूममध्ये गेलो. तिथे एसी होता आणि लाकडाला माणसांसारखे स्वभाव होते. एक ओक 'रस्टिक', एक 'स्मोक्ड', एक 'नॉर्डिक'. शोरूममधल्या मुलानं आम्हाला इंजिनिअर्ड वुडच्या भिंतीसमोर उभं केलं. बाबांनी एक नमुना उचलला, उलटा केला, कड पाहिली आणि विचारलं, "हे प्लायच ना?"

मुलाचा चेहरा पडला. त्यानं आवाज सांभाळत सांगितलं, "काका, मल्टी-लेयर आहे." दोघंही बरोबर होते. वर खऱ्या लाकडाचा थर, खाली आडवे-उभे चिकटवलेले थर. एका थराला ज्या दिशेनं फुगायचं असतं, त्याच दिशेला शेजारच्या थराचे तंतू लांबीनं पडलेले असतात आणि ते हलू देत नाहीत. त्यामुळे दाराचं जुलैतलं नाटक बऱ्यापैकी आटोक्यात राहतं. बाबांना हे आजकालचं थेर वाटत होतं. स्वीडनच्या केर्स कंपनीनं अशा जमिनीचं पेटंट १९४१ मध्ये घेतलं, म्हणजे हे थेर बाबांपेक्षा वयानं मोठं आहे, हे मी सांगितलं. बाबा म्हणाले, "त्यांच्याकडे साग होता कुठे?" या युक्तिवादाला स्वीडनकडेही उत्तर नसावं.

मग मुलानं कठीणपणाचं अस्त्र काढलं. लाकडाचा कठीणपणा मोजायची एक जांका चाचणी असते. गॅब्रिएल जांका नावाच्या ऑस्ट्रियन संशोधकानं १९०६ मध्ये ती काढली. ११.२८ एमएम व्यासाची पोलादी गोळी लाकडात बरोबर अर्धी घुसवायला किती जोर लागतो, ते पाहायचं. लाल ओकचा आकडा १२९० पौंड, पांढऱ्याचा १३६० आणि साग हजार-अकराशेच्या घरात. बाबा स्तब्ध झाले. सागवान ओकपेक्षा मऊ आहे, हे त्यांना कुणीतरी घराण्याबद्दल बोलल्यासारखं लागलं. मी मध्ये पडले. आमच्या घरात पोलादी गोळ्या पडत नाहीत. पडतो तो वरवंटा, नाहीतर कपाटावरून काढताना निसटलेली पितळी समई. त्यांच्यापुढे साग आणि ओक दोघंही सारखेच. कठीणपणा आणि टिकाऊपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण शोरूममध्ये कठीणपणाचा आकडा असतो आणि टिकाऊपणाचा नसतो, म्हणून आकडा जिंकतो.

खरा प्रश्न मी विचारला, असं मला अजूनही वाटतं. "वरचा थर किती?"

"टोटल पंधरा एमएम, मॅम."

"वरचा?"

"क्वालिटी एकदम प्रीमियम आहे, मॅम."

"वरचा थर किती एमएम?"

मुलानं आत जाऊन कुणालातरी विचारलं. स्वस्तातल्या नमुन्याचा वरचा थर ०.६ एमएम होता, महागातल्याचा ३. हे दोन्ही वरून पाहिले तर जुळे. कडेनं पाहिले तर एकात लाकूड आहे आणि दुसऱ्यात काजूकतलीवरच्या वर्खाइतकी लाकडाची आठवण. ०.६ वर ओरखडा गेला की गेला. सँडिंगचं मशीन फिरवलं तर पहिल्याच फेरीत खालचा प्लाय वर येऊन नमस्कार करील. ३ किंवा ४ एमएमचा थर एकदा, जपून केलं तर दोनदा घासून नवा करता येतो. दोन्हींना नाव एकच, 'इंजिनिअर्ड वुड', आणि चौरस फुटामागे भावात फरक दोनशे रुपयांचा. बजेटमध्ये बसणारा माणूस नेमका इथेच फसतो. तो भरीव की इंजिनिअर्ड यावर महिनाभर भांडतो आणि मग सुटकेचा श्वास टाकून सगळ्यात स्वस्त इंजिनिअर्ड उचलतो.

आणि भरीवाचं काय? १८ एमएमची फळी. बाबा म्हणाले, "अठरा म्हणजे अठरा." पण ती खाच आणि जीभ असते ना, ती फळीच्या साधारण मध्यावर असते. घासत घासत जिभेपर्यंत पोचलात की फळी संपली. म्हणजे जिभेच्या वरचे पाच-सहा एमएम तेवढे आपले. उरलेले बारा एमएम आपण विकत घेतो, खिळे मारून बंद करतो आणि जन्मात परत पाहत नाही. तीनच्या जागी सहा मिळतात हा फायदा आहेच. तेवढ्या तीन एमएमसाठी आम्हाला जी किंमत सांगितली गेली, ती ऐकून नवऱ्यानं पहिल्यांदाच मोबाइल खाली ठेवला.

भाव असे सांगितले गेले. भरीव साग ८५० रुपये चौरस फूट. सागाचाच ३ एमएमचा थर असलेलं इंजिनिअर्ड ४८०. वर्खवालं २९०. कापाकापीत दहा टक्के वाया जातं म्हणून १२० ऐवजी १३२ चौरस फूट धरायचे. भरीवाचे झाले १ लाख १२ हजार, आणि ही नुसती सुरुवात. कारण आपल्याकडे खाली सिमेंटचा स्लॅब आणि त्यावर टाइल्स; भरीव फळीला खिळा धरायला खाली प्लाय अंथरावा लागतो. प्लाय बारा, फळी अठरा, मिळून तीस एमएम. जमीन तीस एमएम वर आली की दार उघडत नाही, भिंतीतल्या कपाटाची खालची दारं उघडत नाहीत आणि हॉलमधून बेडरूममध्ये येताना रोज एक पाहुणा अडखळतो. इंजिनिअर्ड आहे त्या टाइल्सवर पातळ फोम घालून नुसतं अंथरता येतं, फळीत फळी अडकवून. दार तेव्हाही थोडं तासावं लागतंच. सगळ्या रस्त्यांच्या शेवटी सुतार उभा असतो.

लॅमिनेटचाही प्रस्ताव आला, १३० रुपयांचा. ते म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाच्या पाटीवर लाकडाचा फोटो. त्याच्यावरचं आवरण ओरखड्यांना खऱ्या लाकडाहून चिवट असतं, हे मान्य. नणंदेकडे ते आहे, आणि उत्तम दिसतं. फक्त एकदा तिच्याकडे सत्यनारायणाला खाली बसले असताना समोरच्या पट्टीवरची एक गाठ मला आवडली. डोळ्याच्या आकाराची, खाली अश्रूसारखी रेघ. थोड्या वेळानं तीच गाठ, त्याच अश्रूसकट, सोफ्यापाशी दिसली. मग टीव्हीखाली. मग चौरंगाच्या पायाशी. पोथीचे पाचही अध्याय मी ती मोजण्यात घालवले. प्रसाद मिळाला, पण पुण्य किती लागलं माहीत नाही.

तोवर घरातल्या कुणीही ज्यांना विचारलं नव्हतं त्या मावशी मध्ये आल्या. फरशी त्या पुसतात. त्यांनी नमुन्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "ताई, ह्याला फिनेल चालतं का?"

"नाही. पाणीही जास्त नको. फडकं घट्ट पिळून, नुसतं ओलसर."

"मग पुसायचं कशानं?"

सगळी निवड या प्रश्नाशी येऊन थांबते. मावशींची पद्धत अशी, की बादलीतलं पाणी आधी जमिनीला द्यायचं आणि मग कापडानं त्यातलं थोडं परत मागून घ्यायचं. टाइलला हे चालतं. लाकडाच्या सांध्यात ते पाणी उतरतं, आणि मग भरीव असो की इंजिनिअर्ड, कडा उचलतात. आतला गाभा भुशाचा असेल तर तो फुगून पुन्हा बसतच नाही. प्लायचा असेल तर जरा तग धरतो. गंमत म्हणजे हा प्रश्न व्हर्सायच्या राजवाड्यातही होता. तिथे संगमरवरी जमिनी धुतल्या की पाणी झिरपून खालच्या तुळया कुजायच्या, म्हणून १६८४ मध्ये संगमरवर काढून लाकडी पार्केट घातलं. चौदावा लुई फ्रान्सचा राजा, पण बादली कमी घ्या असं सांगणं त्यालाही जमलेलं दिसत नाही. त्यानं जमीनच बदलली.

आमच्या बेडरूमला वर अटॅच्ड बाथरूम. घरातले पुरुष अंघोळ करून पंचा डोक्याला आणि पाणी पायांना असे बाहेर येतात. वॉरंटीचा कागद मी शोरूममध्येच बसून पूर्ण वाचला, तेव्हा मुलाला बहुधा प्रथमच कळलं की त्याला मागची बाजू आहे. साचलेलं पाणी, ओल्या फडक्यानं पुसणं, थेट ऊन, ओढलेलं फर्निचर, उंच टाचा, पाळीव प्राण्यांची नखं, यांनी झालेलं नुकसान वगळून पंचवीस वर्षं. त्यातली आमच्या घरात न घडणारी गोष्ट एकच, नखं, कारण आमच्याकडे मांजर नाही.

"पंचवीस कसली? साग शंभर वर्षं टिकतो," बाबा म्हणाले.

तेव्हा मी राखून ठेवलेला दारूगोळा काढला. आमची इमारत १९९०च्या सुमाराची. सोसायटीच्या प्रत्येक वार्षिक सभेत रिडेव्हलपमेंटचा विषय निघतो आणि कार्पेट एरियावरून मोडतो. पण एक दिवस तो मोडणार नाही, आणि बिल्डरचा हातोडा जमीन भरीव आहे की पोकळ हे बघत नाही. शंभर वर्षं टिकणारी जमीन आम्ही दहा-पंधरा वर्षं टिकणाऱ्या घरात घालणार. नातू ती पाहील म्हणावं तर नातू आत्ताच कॅनडाची चौकशी करतोय. शिवाय वाड्यात तरी सागावर कोण चाललं? वरचा थर मातीचाच होता ना?

बाबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "वाडा पाडला तेव्हा त्या तुळयांचे पैसे आले होते. कुणीतरी त्यांची डायनिंग टेबलं केली. तुझा प्लाय कोण घेईल?" हे बिनतोड होतं. जुन्या वाड्यांच्या सागाला आजही गिऱ्हाईक आहे आणि जुन्या प्लायला भंगारवालाही नाक मुरडतो. पण मग नवरा बोलला. तो एकूण चर्चेत फार कमी बोलला होता. "म्हणजे माझ्या बोनसमधून कुणाचं तरी डायनिंग टेबल करायचंय का?"

शेवटी ३ एमएमचं घेतलं. थर सागाचा, गाभा प्लायचा, सामान, मजुरी, जीएसटी धरून लाखाच्या आत. बसवण्याआधी खोकी खोलीत तशीच ठेवली, लाकडाला आमच्या हवेची सवय व्हावी म्हणून. त्या काळात आम्ही हॉलमध्ये झोपलो आणि लाकूड बेडरूममध्ये पंख्याखाली. एक खोकं जादा घेतलं, कारण पुढे एखादी पट्टी बिघडली तर तोच शेड मिळेल याची खात्री नसते. बाथरूमच्या दाराशी दीड फुटाचा पट्टा टाइलचाच ठेवला. त्यावर मी 'पाय इथे पुसा' असं लिहिणार होते, पण बाबांनी ते घराला शोभत नाही म्हणून अडवलं.

बाबांचा विरोध आता मावळला आहे. नुसता मावळला नाही, त्यांनी जमीन दत्तक घेतली आहे. कुणी आलं की आधी बेडरूम दाखवतात. परवा मामा आले होते. त्यांनी वाकून बोटानं टकटक केली.

"साग?"

"साग," बाबा म्हणाले.

"भरीव?"

"एकदाच करायचं म्हटल्यावर..." बाबा खिडकीबाहेर बघू लागले.

मामा सरकारी बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. ते सहजासहजी सोडणाऱ्यांतले नव्हेत. "नाही, पण थर किती जाड आहे म्हणायचा?"

"भरपूर," बाबा म्हणाले.

"तीन एमएम!" स्वयंपाकघरातून मावशींनी सांगितलं.